दोन ससा दिवसाची आजी

नेकावालला चुलीच्या धुराचा त्रास व्हायचा. डोळे चुरचुरायचे, लाल व्हायचे. पण चारचौघींत तिने कधी डोळे चोळले नाहीत. बाजारात ठेच लागली तर ती आधी मान वर करून बघायची, कुणी पाहिलं का, मग अंगठा. आणि मोठ्याने हसणं तर तिने लग्नाआधीच टाकून दिलं होतं. हसणाऱ्या बाईचा तोल जातो, डोळ्यांत पाणी येतं, बोलणं अडखळतं. बघणाऱ्याला तेवढं पुरतं.

कारण नेकावाल जन्मली दोन ससा या दिवशी. आणि दोन ससाचं माणूस दारुडं निघतं, अंगावरचा कपडा विकून पितं आणि बाजाराच्या तोंडाशी चिखलात पडतं, हे आमच्या डोंगरउतारावर शेंबड्या पोरांनाही ठाऊक असतं.

आता दिवस वाईट निघाला म्हणून कुणी लगेच हातपाय गाळत नाही. दिवस वाचणाऱ्याला बोलवायचं, तो पुस्तकाच्या घड्या उलगडतो, पुढचा एखादा बरा दिवस बघतो, आणि त्या दिवशी सुईण बाळाला न्हाऊ घालते. न्हाऊ घातलं तो दिवस बाळाचा. जन्माचा दिवस गेला वाऱ्यावर. पण नेकावालची आई तिला जन्म देऊनच गेली, बाप लांबच्या वाटेवर ओझी वाहत होता, आणि रडून रडून अर्धी झालेल्या मावशीला दिवस वाचणाऱ्याची आठवणच झाली नाही. सुईणीने आहे त्याच दिवशी पाणी घातलं. नाव ठेवलं नेकावाल, म्हणजे मागे राहिलेली. ससा बसला तो बसलाच.

आणि अशा बाईने पोटासाठी करावं काय? तर पांढरी विकावी, घायपाताची दारू! घरामागच्या उतारावर घायपाताची रांग होती, नवऱ्याच्या आज्याने लावलेली. त्याच्या गाभ्यातून पाझरणारा गोडा रस काढायचा, मडक्यात जुन्या पांढरीच्या गाळावर ओतायचा, फडकं बांधायचं आणि वाट बघायची. नवरा होता तोवर चाखण्याचं काम त्याचं. तो गेल्यावर नेकावाल मडक्याला कान लावायची. आत आधी पावसाची सर पडल्यासारखा आवाज येई, मग नुसती कुजबुज. कुजबुज सुरू झाली की पांढरी झाली. जिभेवर तिने थेंब ठेवला नाही, आणि तिच्याइतकी चांगली पांढरी तळ्याच्या या काठाला कुणाची नव्हती. गिऱ्हाइकं म्हणत, "हिच्याकडे माप पुरेपूर. विकणारीच पीत नाही, मग कमी कुठून भरणार?" म्हणत आणि तिच्या डोळ्यांकडे एकदा बघून घेत.

पिणं हा तसाही म्हाताऱ्यांचाच मान. तरुण माणूस पिताना सापडलं तर चौकात डोकं भादरतात, त्यामुळे इतकी वर्षं नेकावालचं निभावलं. केस पांढरे झाल्यावरही ती लोकांच्या घरच्या जेवणावळीत वाडगं परत करायची. "मांडीवर नातवंड नाही अजून, मी कुठली म्हातारी!"

मग तिच्या मुलाला, सोलिनला, मुलगी झाली.

बाळ रडायला लागलं आणि तासाभरात खालच्या तळ्यातून होडीत बसून विहीणबाई आल्या. मियावा त्यांचं नाव. भरतकामात त्यांचा हात धरणारी दुसरी बाई नव्हती, आणि ते त्या स्वतःच सांगत, म्हणजे दुसऱ्या कुणाला शोधायचे कष्ट नकोत. त्यांच्या मागोमाग काठी टेकत तेकोलोबाबा आले, दिवस वाचणारे. पुढचे दात नव्हते, पण पुस्तक काखेत घट्ट. बाळंतीण सेंतेवा अंगणाच्या कोपऱ्यातल्या वाफेच्या न्हाणीत शेकत बसली होती, तिच्याजवळ सुईण. बाहेर चटईवर तिघे: दोन आज्या आणि मध्ये पुस्तक.

तेकोलोबाबांनी घडी उलगडली. बोट फिरवत फिरवत एका चित्रावर थांबले.

"पाच गारगोटी," ते म्हणाले. "हं."

"हं म्हणजे?" मियावाने विचारलं.

"हं म्हणजे हं. आज पाणी घालू नका. उद्या सहा पाऊस. सहा पाऊसवर न्हाऊ घातलेल्या बायका शेजाऱ्यांवर करणी करतात."

"उद्या नको!" न्हाणीतून सुईण ओरडली.

"परवा सात फूल."

मियावाने टाळीच वाजवली. "माझा दिवस! सात फूल! म्हणजे बोटांत सुई, डोळ्यांत रंग. बघा विहीणबाई, पोरीने आजी निवडलीसुद्धा."

"सात फूलचं असं आहे," तेकोलोबाबा पुस्तकावर वाकून म्हणाले, "की त्या दिवसाच्या बायकांनी नेमधर्म सोडला, तर मग त्यांचं वागणं जरा…"

"बाबा, तमाली घ्या. गार होतील."

मियावाने पुढे केलेली, मक्याच्या पानात उकडलेली तमाली बाबांनी घेतली. नेकावालला सात फूलची ती दुसरी बाजू चांगली ठाऊक होती, पण स्वतःच्या पाठीवर ससा असताना दुसऱ्याची फुलं कोण मोजतं!

"आणि हे बघा विहीणबाई," मियावा तिच्याकडे सरकली. आवाज खाली आणला, म्हणजे फक्त अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल इतका. "मनाला लावून घेऊ नका, मी आपली फटकळ. परवा नातीच्या नावाचं वाडगं तुम्हाला घ्यावं लागणार. आजीने वाडगं परत केलं तर नाव पोरीच्या अंगाला धरत नाही."

"माहीत आहे मला."

"पण घेतलंत, आणि तुमचा ससा जागा झाला, तर मी लेकीला आणि नातीला माझ्याकडे नेणार. पोर अंगावर पितेय तोवर तरी. म्हणजे वर्ष, दोन वर्षं. नशेत कुणी बाळ उचलायला गेलं तर?"

"आई, मला इथे सगळं ऐकू येतंय!" न्हाणीच्या बुटक्या दारातून सेंतेवाचा आवाज आला, पाठोपाठ वाफेचा ढग.

"ऐकू यावं म्हणूनच बोलतेय. शेक घे तू!"

नेकावालने न्हाणीखाली जाळ घालणाऱ्या सोलिनकडे पाहिलं. त्याने नजर वळवून सरपणाकडे नेली. बिचारा. बायकोची आई म्हणजे काय चीज असते, हे त्याला एका वर्षात कळलं होतं.

तेकोलोबाबांना द्यायची टर्की पोचवायला नेकावाल स्वतः निघाली. टर्की काखेत धडपडत होती, ती बाबांच्या मागे उतार उतरत होती. वळणावर तिने विचारलं, "बाबा, माझं पान काढून बघता?"

"न काढता सांगतो. ससा आहे, शेजारी मडकं आहे, मडक्यावर फेस आहे."

"फेस किती?"

"चित्रात बोटभर. खरा किती येईल ते चित्र काढणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं."

"मी इतके उपास केले. पहाटे उठून अंगण झाडलं, घायपाताचा काटा कानाला टोचून देवाला रक्त दिलं. तेवढ्याने ससा झोपला, का नुसता दबा धरून बसलाय?"

बाबा थांबले. धाप लागली होती, त्यामुळे ते फार गहन विचार करताहेत असं वाटत होतं. "ते बघायचा एकच उपाय आहे," ते म्हणाले, "आणि तो तूच विकतेस."

"चेष्टा नको हो. माझी नात नेतील."

"चेष्टा नाही करत. दिवस आपल्याला काय देतो ते पुस्तकात आहे. आपण त्याचं काय करतो ते तिथे काढायला जागाच ठेवलेली नाही. घायपाताच्या कागदाची टंचाई असेल." मग टर्की काखेत घेत म्हणाले, "वाडगं मात्र घ्यावं लागेल. त्यात मी काही करू शकत नाही."

घरी येईस्तोवर नेकावालचं ठरलं होतं. घ्यायचं वाडगं, पण वाडग्यात काय असावं, हे ज्याच्या घरची पांढरी त्याच्या हातात!

"गोडा रस?" सोलिनने विचारलं. "पण तो पाण्यासारखा दिसतो, आई. पांढरी पांढरी असते."

"त्यात मक्याची पातळ पेज घालायची. वर फेस करून. लहान गाडग्यात भरून पाट्याच्या मागे ठेवायचं. मोठ्या मडक्यातली सगळ्यांना, गाडग्यातली मला. वाढणारा तूच आहेस."

"मला खोटं बोलता येत नाही. माझे कान लाल होतात."

"बोलायचं नाहीच मुळी. वाढायचं फक्त. कानांवर फुलांची माळ घाल."

सोलिन गेला घायपाताकडे. नेकावाल पेज ढवळत बसली. तिला लाज वाटत नव्हती असं नाही. नातीच्या नावाचा पहिला घोट आणि तो खोटा! पण त्या लालबुंद, मूठभर जिवाला सकाळी तिने हातात घेतलं होतं, आणि त्याने तिचं बोट असं धरलं होतं की सोडवताना तिलाच जड गेलं. तो जीव होडीत बसून तळ्यापलीकडे जाणार आणि परत येईल तेव्हा धावत येईल, हिला ओळखणारसुद्धा नाही. त्यापेक्षा लाज परवडली.

सात फूलच्या दिवशी उजाडता उजाडता सुईणीने अंगणात पाणी मांडलं. बाळाच्या ओठाला थेंब लावला, छातीला लावला, डोक्यावर ओंजळ धरली. शेजारी इवलीशी टकळी, इवलासा झाडू, विणलेली टोपली. पाणी गार होतं. पोरीने असा सूर लावला की पलीकडच्या घरातल्या टर्क्या उत्तर द्यायला लागल्या. "सात फूल! शिलो!" सुईण ओरडली. शिलो, म्हणजे कोवळं कणीस. डोक्यावर केसांचा झुबका होता खरा तसाच. सेंतेवा हसली आणि रडली, सोलिनला काय करावं कळेना म्हणून त्याने टोपली उलटी केली, परत सुलटी केली.

दुपारी जेवणावळ. मिरचीच्या रश्शातली टर्की, तऱ्हेतऱ्हेच्या तमाली, फुलांचे गुच्छ. तरुण मंडळी जेवून उठली, आणि भिंतीच्या सावलीत म्हाताऱ्यांच्या चटया पडल्या. गल्लीतले सगळे पांढऱ्या केसांचे जमले. एरवी जेवण झाल्याबरोबर घोरायला लागणारेही आज ताठ बसले होते. नेकावालची पहिली पांढरी! असला प्रसंग पुन्हा येत नाही. तिचा ससा कुठला निघेल, यावर सकाळपासून चर्चा चालू होती. पांढरीत चारशे ससे राहतात, ज्याच्या वाट्याला जो येईल तो. कुणाचा रडतो, कुणाचा गातो, कुणाचा भांडतो, कुणाचा नुसता कुशीवर होऊन झोपतो.

"भांडणारा असणार," एकजण म्हणाला. "इतकी वर्षं कोंडलाय बिचारा."

"रडका," दुसरीचं मत पडलं.

मियावा नेकावालला खेटूनच बसली होती. नव्या कुडत्यावर तिने स्वतः भरलेली फुलं. तिची नजर मडक्यावर नव्हती, सोलिनवर होती.

सोलिन डावीकडून सुरू झाला. तीन पायांची वाडगी, एकेक भरून. कानांवर माळ. ओळीच्या शेवटी दोघी विहिणी. तो आत गेला, पाट्याच्या मागे वाकला, दोन वाडगी घेऊन आला. एक आईपुढे, एक सासूपुढे.

मियावाने दोन्हीकडे पाहिलं. आईचं वाडगं अर्धं. सासूचं काठोकाठ. घाबरत भरलेलं गाडगं त्याच्या हातून नीट ओतलंच गेलं नव्हतं.

"वा जावईबापू!" ती म्हणाली. सगळी भिंत तिच्याकडे वळली. "आईला अर्धं आणि मला काठोकाठ? आज आजी आहे ती, पाहुणी नाही. घ्या विहीणबाई, भरलेलं तुम्ही घ्या. मी आपली थोडक्यात भागवते." आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने वाडगी बदलली.

सोलिनच्या माळेखालून कानांची टोकं दिसत होती. ती लाल झाली.

नेकावालने वाडगं उचललं. नाकाने तिला क्षणात सांगितलं: मोठ्या मडक्यातली, तिसऱ्या भरणीची, कालच कुजबुजायला लागलेली. तिचीच. हात तिने स्थिर ठेवला, कारण समोरून डझनभर म्हातारे डोळे न मिटता बघत होते. न्हाणीच्या सावलीत सेंतेवा पोरीला घेऊन बसली होती, तीही बघत होती. वाडगं खाली ठेवलं तर नाव धरणार नाही. घेतलं तर…

तिने विस्तवावर चार थेंब सांडले. चर्र झालं. "सात फूल, शिलो," ती म्हणाली, आणि प्यायली.

आंबट होती. गार, जिभेवर जराशी बुळबुळीत, आणि मागून घायपाताच्या ओल्या पानाचा वास. इतकी वर्षं जिचा नुसता आवाज ऐकला, ती अशी होती तर. नेकावालच्या मनात आलं, बरी झालीय. आणखी एक दिवस राहिली असती तर जास्त बरी झाली असती. दुसरा विचार आला नाही. ती वाट बघत बसली. पोटात ऊब आली, विस्तवाजवळ बसल्यासारखी. ससा कुठे दिसेना.

शेजारी मियावाने घोट घेतला होता आणि ती थांबली होती.

"जावईबापू," ती हळूच म्हणाली. "ही वेगळी लागते."

नेकावालने आपलं वाडगं खाली ठेवलं.

"ही गोड आहे," मियावा म्हणाली. "कुठल्या मडक्यातली?"

सोलिनला खोटं बोलता येत नव्हतं. त्याने पाट्याच्या मागे बोट दाखवलं. "त्या… मागच्या गाडग्यातली."

मियावा उठली. आत गेली. गाडगं उचलून दारात आणलं, सगळ्यांना दिसेल असं. त्याला स्वच्छ फडकं बांधलं होतं. सोलिनने, कशाला कुणास ठाऊक, वर एक फूलही खोचलं होतं.

"बघा!" तिचा आवाज चढला. "बघा तुम्ही सगळे! माणसाने विश्वास ठेवायचा कुणावर?"

नेकावालने डोळे मिटले.

"खास माल मागे लपवून ठेवलाय! स्वतःच्या आईसाठी! आणि सासूला वाढतात मोठ्या मडक्यातली, येणाऱ्याजाणाऱ्याची! अहो, जुनी आहे ही. जुनी असली की गोड लागते आणि मागून गुपचूप पाय धरते. माझा बाप सांगायचा. विहीणबाई, तुमच्याकडून मला हे अपेक्षित नव्हतं."

नेकावालने डोळे उघडले.

"चुकलंच," ती म्हणाली. "तुम्हीच घ्या ते गाडगं. सगळं."

"घेणारच आहे!"

"जरा मलाही बघू," तेकोलोबाबांनी हात पुढे केला. त्यांनी मियावाच्या वाडग्यातून एक घोट घेतला. तो तोंडात फिरवला. मग नेकावालकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि गिळला.

"जुनी आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "फार जुनी. जपून घ्या मियावाबाई. मला आपली साधीच बरी."

मग काय विचारता! पहिलं वाडगं संपलं तेव्हा मियावा म्हणाली की चेहऱ्यावर मुंग्या चालल्यासारखं होतंय. दुसऱ्याला तिने शेजारच्या म्हाताऱ्याला सांगितलं की त्याच्या कुडत्याची शिवण बघून तिला दोन वर्षं झोप लागलेली नाही. तिसऱ्याला तिने फुलांचा गुच्छ डोक्यावर ठेवला आणि गाणं सुरू केलं. लहान मुली मका सोलताना म्हणतात ते, खारीचं. सगळी कडवी. मध्ये मध्ये थांबून ती म्हणायची, "अगंबाई, चढली मला! धरा कुणीतरी!" आणि कुणी धरायच्या आत पुढचं कडवं.

नेकावाल दुसरं वाडगं हातात घेऊन बसली होती, साध्या मडक्यातलं, काठोकाठ. तिने आधी ओठ दाबून धरले. मग गाल चावला. मियावा उठली, तेकोलोबाबांना हाताला धरून उठवायला लागली, बाबा म्हणाले, "बाई, माझे गुडघे!" आणि मियावा म्हणाली, "गुडघ्यांचं काय घेऊन बसलात, इथे मला जमीन दिसत नाहीये!"

तेव्हा नेकावाल हसली. आधी नाकातून एक आवाज आला, टर्की दचकावी तसा. मग तो थांबेचना. ती भिंतीला टेकली, पोट धरलं, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि तिने ते सगळ्यांसमोर दोन्ही हातांनी चोळचोळून पुसलं. बोलायला गेली तर शब्द अडखळले. "मका," ती म्हणाली, "मक्याची…" आणि पुन्हा हसू.

सेंतेवा पोरीला घेऊन धावत आली. "कोण हसतंय हे?" सून होऊन वर्ष झालं होतं तिला, पण सासूचा हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

"ससा!" भिंतीकडून आरोळी उठली. "नेकावालचा ससा! हसरा निघाला, हसरा!"

"मी म्हटलं होतं," ज्याने भांडणारा म्हटलं होतं तो म्हणाला.

ससा हा शब्द मियावाच्या कानात शिरला. ती गाता गाता थांबली. आपण इथे कशासाठी आलो होतो ते तिला आठवलं. तिने बोट उगारलं.

"विहीणबाई! तुम्हाला… चढली! मी सांगितलं होतं ना, की जर का ससा…" आणि ती बसली. चटईवर बसायचं होतं. बसली तमालीच्या टोपलीवर. टोपली बसली जमिनीला.

म्हातारे इतके हसले की दोघांना खोकला लागला. तेकोलोबाबा मात्र हसले नाहीत. ते काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "हं. मग मियावाबाई, ठरलं होतं तसं? लेकीला आणि नातीला आज नेणार?"

मियावाने टोपलीतून वर पाहिलं. विचार केला. नेकावालने डोळे पुसून तिच्याकडे पाहिलं.

"नेणार कशी?" मियावा म्हणाली. "बाबा, काहीतरीच काय! मलाच कुणीतरी न्यायला हवंय. अशा अवस्थेत माझ्या घरी बाळ ठेवतात का? काय तुम्ही! इतकं वय झालं तुमचं!" मग तिने नेकावालचा हात दोन्ही हातांत धरला. "विहीणबाई, पोरीला तुम्हीच सांभाळा हो. तुम्ही दोन वाडगी रिचवून बसलात आणि तुमचा हात बघा, काडीइतका हलत नाही. माझा बघा." आणि तिने हात हलवून दाखवला.

नेकावालने तो थरथरता हात धरून ठेवला. बोटांच्या टोकांना सुईचे घट्टे होते. खरं सांगून टाकावं असं तिला एकदा वाटलं. मग वाटलं, इतकी आनंदात आहे बाई, कशाला!

"जराशी पडता का?" तिने विचारलं.

"पडते? मी? अजून चार कडवी राहिलीत!"

ती राहिलेली कडवी मियावाने सोलिनच्या पाठीवर बसून म्हटली. ओझं वाहायचा पट्टा त्याने कपाळाला लावला, खुर्चीसारखी टोपली पाठीला बांधली, त्यात सासू. ऊन कलायला लागलं होतं. गल्लीतल्या प्रत्येक दारात माणसं उभी होती आणि मियावा प्रत्येक दाराला सांगत होती, "मला चढलीये! बाजूला व्हा!" सोलिनच्या कानांवर माळ नव्हती आता. पण हसण्यानेच ते इतके लाल होते की कुणी काही ओळखलं नसतं.

अंगण रिकामं झालं. सेंतेवाने शिलोला नेकावालच्या मांडीवर ठेवलं. न विचारता ठेवलं, आणि आत जाऊन आडवी झाली. पोरीने तोंड वेडंवाकडं केलं. आजीच्या श्वासाचा वास असेल.

"सवय कर," नेकावाल तिला म्हणाली. "पुढचं नातवंड आलं की पुन्हा घेणार आहे मी. मधल्या काळात विकायचं आणि ऐकायचं."

खालून, वळणावरून, आवाज आला. होडीजवळ पोचली असणार. "विहीणबाई! ऐकलंत का? उद्या येते मी सकाळी! गाडगं झाकून ठेवा! कुणाला देऊ नका!"

"ठेवते!" नेकावाल ओरडली. ओरडायला मजा येत होती.

पोरीला एका हातावर घेऊन ती आत गेली. गाडग्याच्या तळाशी ओंजळभर रस उरला होता. उद्या सकाळी मियावा येणार, चाखणार, आणि तिला काय वाटेल कुणास ठाऊक. नेकावालने मोठ्या मडक्यातला गाळ पळीभर काढला आणि गाडग्यात घातला. संध्याकाळच्या घायपाताचा ताजा रस ओतला, गाडगं भरलं. फडकं बांधलं. फूल कोमेजलं होतं, तेही परत खोचलं.

मग तिने वाकून कान लावला. शिलोचं डोकंही गाडग्याला टेकलं. आत एक बुडबुडा फुटला, मग दुसरा.

"ऐक," नेकावाल म्हणाली. "उद्या विहीणबाईंना खरंच चढणार आहे."